सहकारी बँकेच्या गुन्ह्यात ऑडिटर आरोपी: जामीन कशावर मिळतो, कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेचं 2020-21 ते 2022-23 अशी तीन वर्षं वैधानिक लेखापरीक्षण केलेल्या सीएंचं नाव एफआयआरमध्ये अकराव्या क्रमांकावर आलं आहे. कलमं भारतीय दंडविधानाची 409 (विश्वासघात), 420 (फसवणूक), 467, 468, 471 (बनावट दस्त), 477-अ (खोटे हिशेब), 120-ब (कट) आणि सोबत एमपीआयडी म्हणजे महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचं कलम 3. दोन संचालक आणि कर्ज विभागाचा मॅनेजर येरवड्यात आहेत. सीएंना आर्थिक गुन्हे शाखेची हजर राहण्याची नोटीस आली आहे. त्यांचे धाकटे बंधू विचारतात: दादांनी जावं का, अटकपूर्व जामीन मागावा का, आणि मिळेल का?

जावं, पण अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवून. मिळण्याची शक्यता बरी आहे. मात्र ती एकाच गोष्टीवर ठरेल: दादांना ऑडिट करताना काय दिसलं होतं आणि दिसल्यावर त्यांनी काय केलं. 'दिसायला हवं होतं, दिसलं नाही' हा फार तर हलगर्जीपणा. त्याची चौकशी सीए कायद्याखाली इन्स्टिट्यूटची शिस्तपालन यंत्रणा करते. 'दिसलं आणि झाकलं' हे संगनमत. सरकारी वकील पहिल्याला दुसऱ्याचा रंग देणार, हे धरूनच चाला. सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या प्रकरणात बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाबाबत हाच फरक केला होता. गृहकर्जांची कागदपत्रं बनावट निघाली, वकिलाचं मालकी हक्काबद्दलचं मत चुकीचं ठरलं. पण कटात सामील असल्याचा पुरावा नसताना नुसत्या चुकीच्या मतावरून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. ऑडिटरच्या अर्जात हा निकाल पहिल्या दोन पानांतच यायला हवा.

आता नोटीस. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 35(3) खालची असेल तर दादांकडे आरोपी म्हणून बघितलं जातंय. कलम 179 खालची असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, निदान आज तरी. 35(3) च्या नोटिशीचं पालन करणाऱ्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला तशी गरज का वाटते याची कारणं नोंदवावी लागतात. न जाणाऱ्याला मात्र तेवढ्यावरूनही उचलता येतं. नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती रीतसर बजावणी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सांगितलंय. पण या मुद्द्यावर घरी बसून राहू नका. लेखी उत्तर द्या: नोटीस मिळाली, अमुक तारखेला हजर राहतो, तीन वर्षांची फाइल लावायला आठ दिवसांची मुदत द्यावी. कॉपीवर आवक शिक्का घ्या. हा शिक्का पुढं जामीन अर्जाचं परिशिष्ट होतो, आणि 'आरोपी तपासात सहकार्य करत नाही' या ठरलेल्या वाक्याला याच्याइतकं चोख उत्तर दुसरं नाही. उलट दोन दिवस फोन बंद ठेवून दादा गावी जाऊन राहिले, तर ते दोन दिवस 'आरोपी मिळून येत नाही' म्हणून कागदावर येतात आणि सुनावणीभर पिच्छा सोडत नाहीत.

चौकशीत विचारलेल्या प्रश्नाचं कागद बघून उत्तर द्यावं. आठवत नसेल तर 'वर्किंग पेपर (ऑडिट करताना केलेल्या नोंदी) पाहून सांगतो' म्हणावं. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, तशी तरतूद कलम 181 मध्ये आहे. 'कबूल करत नाही' म्हणजे असहकार्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये महाराष्ट्रातल्याच संतोष प्रकरणात स्पष्ट केलंय. आणि एक गोष्ट कटाक्षानं टाळा: 'सगळं काम आर्टिकलच्या (प्रशिक्षणार्थी) मुलांनी केलं, मी फक्त सही केली.' हे ऐकायला बचाव वाटतं, पण आहे गळफास. ऑडिटिंग स्टँडर्डप्रमाणे सही करणारा भागीदारच कामाला जबाबदार असतो. शिवाय न बघता सही केली म्हटल्यावर ती कोणाच्या सांगण्यावरून केली, हा पुढचा प्रश्न येतोच.

काही वेळा सरकारी वकील सांगतात, नोटीस दिली आहे, म्हणजे अटकेची भीती नाही, अर्ज अपरिपक्व आहे. अशा वेळी अर्ज मागे घेऊ नका. 'सध्या अटकेची आवश्यकता नाही' हे तपास अधिकाऱ्याचं विधान आदेशात नोंदवून घ्या आणि अटक करायची झाल्यास 72 तास आधी लेखी सूचना द्यावी, अशी मागणी करा. कोर्ट असे आदेश देतं.

कलमांकडे जरा सावकाश बघू, कारण ऑडिटरचा अर्ज इथंच उभा राहतो किंवा बसतो. कथित गुन्ह्याचा काळ 1 जुलै 2024 च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या आधीचा, म्हणून कलमं जुनी. अर्ज आज करायचा, म्हणून तो सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली. जुन्या प्रक्रिया संहितेच्या 438 चा मथळा कॉपी-पेस्ट करू नका.

सगळ्यात जड कलम 409. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे दोन गोष्टी होतात: मॅजिस्ट्रेटचे हात जामिनाच्या बाबतीत बांधले जातात आणि दोषारोपपत्राची मुदत 60 ऐवजी 90 दिवसांची होते. पण 409 साठी मालमत्ता आरोपीच्या हवाली केलेली असावी लागते किंवा तिच्यावर त्याचा ताबा असावा लागतो. ऑडिटरच्या हाती बँकेचा एक रुपयाही दिलेला नसतो. सीबीएसमध्ये (बँकेच्या संगणक प्रणालीत) त्याला जो युजर आयडी मिळतो तो फक्त पाहण्यापुरता. त्यावरून ना व्हाउचर पास होतं, ना कर्ज वितरित होतं. बँकेनं आयडी देताना पाठवलेला ई-मेल सापडला तर तो अर्जाला जोडा, फार उपयोगी पडतो.

467 आणि 471 बनावट दस्तासाठी. 2009 च्या मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या निकालानं आखलेली रेघ इथं लागू पडते: दस्तातला मजकूर खोटा असणं वेगळं आणि दस्तच बनावट असणं वेगळं. दादांनी स्वतःच्या नावानं, स्वतःचा सभासद क्रमांक आणि यूडीआयएन (सीएच्या सहीच्या दस्ताचा ओळख क्रमांक) टाकून अहवालावर सही केली असेल, तर तो अहवाल चुकीचा असू शकतो; बनावट दस्त तो नाही. बनावट ठेव पावत्या किंवा मूल्यांकन अहवाल ज्यांनी केले, त्यांना ते कलम लावा. 477-अ तर कारकून, अधिकारी, नोकर किंवा त्या नात्यानं काम करणाऱ्यांनी हिशेबवह्या खोट्या करण्याबद्दल आहे. स्वतंत्र ऑडिटर बँकेचा नोकर नसतो. एमपीआयडीच्या कलम 3 मध्ये येणारी माणसं म्हणजे संस्थेचा कारभार सांभाळणारे किंवा व्यवहार चालवणारे. ऑडिटर कारभार तपासतो, चालवत नाही. एमपीआयडीमुळे अर्ज जिल्हा व सत्र न्यायालयातल्या विशेष न्यायालयापुढे जाईल एवढं लक्षात ठेवा. मनी लाँडरिंग कायद्यात जामिनाच्या ज्या जोडअटी आहेत (आरोपी दोषी नसावा आणि बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, असं कोर्टाला वाटायला हवं), तशा एमपीआयडीत नाहीत.

आणखी एक मुद्दा. एकाच व्यवहारावर विश्वासघात आणि फसवणूक दोन्ही एकदम बसत नाहीत, कारण एकात सुरुवातीचा विश्वास खरा असतो आणि दुसऱ्यात सुरुवातच लबाडीची. ऑगस्ट 2024 च्या दिल्ली रेस क्लब निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे पोलिसांना आणि कनिष्ठ न्यायालयांना बरंच सुनावून सांगितलंय. पण यावर फार वेळ घालवू नका. जामिनाच्या टप्प्यावर न्यायाधीश कलमांची काटछाट करत बसत नाहीत. हे सगळं मांडायचं ते एवढ्यासाठी, की चाळण लावल्यावर ऑडिटरपुरतं हाती उरतं ते 420 आणि 120-ब, आणि त्या दोन्हींना हेतू आणि माहिती लागते. म्हणजे पुन्हा पहिल्याच प्रश्नावर: काय दिसलं होतं?

(वाचणाऱ्यांपैकी कोणाची बँक सहकारी नसून व्यापारी असेल तर चित्र बदलतं. बँकिंग रेग्युलेशन कायद्याच्या 46-अ मध्ये लोकसेवक मानलेल्यांच्या यादीत संचालक आणि मॅनेजर यांच्याबरोबर ऑडिटरही आहे. 2016 च्या रमेश गेली निकालात याच कलमाच्या आधारे खासगी बँकेच्या वरिष्ठांना भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू धरला गेला. तिथं सीबीआय, वेगळं कोर्ट, वेगळी लढाई.)

'काय दिसलं होतं?' या प्रश्नाचं उत्तर भाषणानं देता येत नाही. ते एका तक्त्यानं द्यायचं. एफआयआरला किंवा फॉरेन्सिक ऑडिटला कर्जखात्यांची यादी जोडलेली असते. ती घ्या आणि प्रत्येक खात्यापुढे सहा रकाने भरा: कर्ज मंजुरीची तारीख, दादांच्या नेमणुकीची तारीख, खातं त्यांच्या नमुन्यात (तपासायला निवडलेल्या खात्यांत) आलं होतं का, कोणता कागद पाहिला, अहवालात किंवा एलएफएआरमध्ये (ऑडिटच्या सविस्तर अहवालात) काय लिहिलं, आणि व्यवस्थापनानं काय उत्तर दिलं. पंचवीस खात्यांपैकी निम्मी नेमणुकीच्या आधीची निघतात, काही नमुन्यात आलेलीच नसतात, आणि उरलेल्यांपैकी तीन-चारांवर शेरा मारलेला असतो, असं चित्र पुष्कळदा दिसतं. तसं असेल तर हा दीड पानाचा तक्ता सहाशे पानांच्या परिशिष्टांपेक्षा जास्त काम करतो. न्यायाधीशांच्या बोर्डावर त्या दिवशी साठ-सत्तर प्रकरणं असतात. सहाशे पानं कोणी उलटत नाही.

तक्ता भरताना स्वतःशी खोटं बोलू नका. एक उदाहरण घ्या. बँकेच्याच मुदत ठेवीच्या तारणावर दिलेलं कर्ज. ऑडिटर काय बघतो? पावतीचा नंबर सीबीएसशी जुळतो का, लिएन मार्क (ठेवीवर बँकेच्या हक्काची नोंद) आहे का, मार्जिन पुरेसं आहे का. तिन्ही ठीक. खाली घडलेलं असं असतं: आधी दुसऱ्या एका फर्मला कॅश क्रेडिट दिलं, त्यातून पैसे तिसऱ्याच्या बचत खात्यात गेले, तिथून ठेव उघडली आणि त्याच ठेवीवर पुन्हा कर्ज काढलं. बँकेचा पैसा बँकेतच फिरला आणि दोनदा दाखवला गेला. नमुना तपासणीत हे न दिसणं समजण्यासारखं आहे. फॉरेन्सिक ऑडिटर पैशाचा माग काढायलाच नेमलेला असतो, त्याला महिने मिळतात आणि निकाल आधीच माहीत असतो. वैधानिक ऑडिटर नमुन्यावर, काही आठवड्यांत मत देतो. हा मुद्दा ठासून मांडता येतो.

पण दुसरं उदाहरण घ्या: 29 ते 31 मार्चच्या दरम्यान थकीत खात्यांत अचानक भरणा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच रक्कम दुसऱ्या खात्यातून परत बाहेर. वर्षअखेरच्या तारखेच्या आजूबाजूच्या नोंदी बघणं हे ऑडिटचं अगदी प्राथमिक काम आहे. इथं 'नमुन्यात आलं नाही' चालत नाही. दादांनी ते पाहिलं असेल आणि मॅनेजरकडून खुलासा घेतला असेल, तर तो खुलासा फाइलमध्ये हवा. नसेल तर हा मुद्दा वकिलांना आज सांगा. सुनावणीत सरकारी वकिलांच्या तोंडून तो पहिल्यांदा कळला, तर उत्तर द्यायला वेळ राहत नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी ऑडिटला आणखी एक काटा असतो: ऑडिट वर्ग, म्हणजे ऑडिटरनं बँकेला दिलेली श्रेणी. 'बँक बुडत असताना आरोपीने अ वर्ग दिला' हे वाक्य बहुतेक प्रकरणांत सरकारी वकिलांच्या पहिल्या पाच मिनिटांत येतंच. त्याला उत्तर एकच, गुणपत्रक. वर्ग ठरवताना कोणत्या निकषाला किती गुण दिले आणि ते कोणत्या आकड्यांवरून दिले, हे वर्किंग पेपरमध्ये असेल तर ते जोडा. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतही तेच एनपीए (थकीत कर्जांचे) आकडे आले असतील तर ते ठळक करा. रिझर्व्ह बँकेच्या पथकालाही जे दिसलं नाही ते ऑडिटरला दिसायलाच हवं होतं, असं म्हणणं अवघड जातं. 2021-22 पासून नागरी सहकारी बँकेच्या वैधानिक ऑडिटरच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागते; ती पत्रंही लावा, 'संचालकांनी आपला माणूस आणून बसवला' या आरोपाला उत्तर मिळतं.

महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम 81(5-ब) तुमच्याविरुद्ध वाचलं जाईल. गुन्हा आढळला तर ऑडिटरनं रजिस्ट्रारला विशेष अहवाल द्यायचा आणि त्यांच्या लेखी परवानगीनं स्वतः एफआयआर करायचा, असं ते कलम सांगतं. सरकार म्हणणार, केलं नाही, म्हणजे सामील होते. पण तेच कलम पुढं वाचा: कसूर करणाऱ्या ऑडिटरचं नाव पॅनेलवरून काढणं, अपात्र ठरवणं, ही कारवाई त्यातच सांगितली आहे. कसुरीला कायद्यानंच वेगळी शिक्षा ठेवली असताना त्यावरून कटाचा निष्कर्ष काढता येत नाही. बँक बहुराज्यीय असेल तर हे कलम मुळात लागूच होत नाही. नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी तपासा.

पैशाचा माग हा सगळ्यात निर्णायक भाग. दादांची, फर्मची, वहिनींची, एचयूएफची (हिंदू अविभक्त कुटुंबाची) बँक स्टेटमेंटं त्या काळाची काढा. ऑडिट फी टीडीएस कापून खात्यावर आली आणि त्यापलीकडं काही नाही, हे दिसलं तर अर्धी लढाई जिंकल्यात जमा. तीन गोष्टी शोधा, कारण पोलीस त्याच शोधणार: त्याच बँकेतून घरातल्या कोणाला कर्ज आहे का, आरोपी कर्जदारांपैकी कोणाचं दुसरं काम फर्मकडे होतं का, आणि रिझर्व्ह बँकेनं बँकिंग रेग्युलेशन कायद्याच्या 35-अ खाली निर्बंध घालण्याच्या आधीच्या काही महिन्यांत घरातल्या कोणी ठेवी मोडल्या का. तिसरी गोष्ट असेल तर प्रकरण खरोखर अवघड होतं. ऑडिटरला माहीत होतं याचा याहून बोलका पुरावा पोलिसांना हवा तरी कुठला? खरंच लग्नासाठी किंवा ऑपरेशनसाठी पैसे काढले असतील तर हॉलची पावती, हॉस्पिटलचं बिल अर्जासोबतच लावा. लपवून ठेवलं आणि तपास अधिकाऱ्याच्या म्हणण्यात आलं, तर अर्ज तिथंच संपतो.

वर्किंग पेपरमध्ये उणीव असेल तर ती तशीच राहू द्या. आता बसून शेरे लिहिणं, जुन्या तारखेची पत्रं तयार करणं हा नवा गुन्हा आहे, आणि लॅपटॉपची प्रतिमा घेतली की फाइल कधी तयार झाली हे उघड होतं. अटकपूर्व जामीन नाकारायला 'पुराव्यात फेरफार' हे कारण आयतंच मिळतं. त्यापेक्षा लॅपटॉप आणि फाइली स्वतःहून जमा करण्याची तयारी अर्जातच लिहा. देताना पंचनामा, यादी, प्रत्येक पानावर क्रमांक, डिजिटल साधनांची हॅश व्हॅल्यू (फेरफार झाला तर बदलणारा डिजिटल ठसा), आणि तुमच्याकडे पूर्ण कॉपी. डिजिटल पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्रही तयार ठेवा. मॅनेजर, संचालक किंवा बँकेतल्या कोणाशीही या विषयावर एकही मेसेज करू नका, 'काळजी करू नका साहेब' एवढासुद्धा.

अर्ज दाखल झाल्यावर शिवाजीनगर कोर्टात क्रम साधारण असा चालतो: सरकारी वकिलांना कॉपी, तपास अधिकाऱ्याचं लेखी म्हणणं म्हणजे 'से' मागवला जातो, तोवर अंतरिम संरक्षणाची मागणी. अंतरिम संरक्षण मिळालं तर ते बहुधा ठरावीक दिवशी ठरावीक वेळेत आर्थिक गुन्हे शाखेत हजेरी लावण्याच्या अटीवर. एकही हजेरी चुकवू नका. उशीर होणार असेल तर आधी कळवा. 'से'मध्ये ऑडिटरविरुद्ध ठरलेली कारणं असतात: रक्कम मोठी आहे, ठेवीदार हजारो आहेत, अटकेतल्या आरोपींसमोर बसवून चौकशी करायची आहे, लॅपटॉप जप्त करायचा आहे, पैशाचा विनियोग शोधायचा आहे. शेवटच्यावर थांबा. पैसा ऑडिटरकडे गेलाच नाही तर विनियोग त्याच्याकडून कसा कळणार? बाकीच्यांना कागद दिल्याचं आणि हजेरीचं उत्तर. अंतिम सुनावणीला 'आठ तारखांना हजर, कागद जमा, यादी सोबत' असं म्हणता आलं तर कोठडी कशासाठी हवी, हे सांगण्याचं ओझं सरकारवर जातं.

ठेवीदारांची हस्तक्षेप याचिका येईलच. पीडितांना ऐकून घेणं हा त्यांचा हक्क आहे, त्याला विरोध करू नका. ठेव विम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख आहे. त्यावरच्या रकमा अडकलेले निवृत्त लोक समोर बाकांवर बसलेले असतात. तुमच्या वकिलांनी 'विम्याचे पैसे मिळालेच की' असं एक वाक्य बोललं, तर नुकसान तुमचंच. रुपी बँक, शिवाजीराव भोसले बँक, सेवा विकास बँक यांचे परवाने गेलेलं हे शहर आहे. न्यायाधीशांनाही ते ठाऊक असतं.

ऑडिट फी किंवा काही रक्कम कोर्टात भरण्याची तयारी दाखवावी का? माझं मत स्पष्ट आहे, दाखवू नये. ऑडिटरनं रक्कम भरणं म्हणजे लाभ झाल्याची अर्धी कबुली. रक्कम भरण्याच्या हमीवर जामीन देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या रमेश कुमार निकालात चुकीची ठरवली, आणि जुलै 2025 मध्ये गजानन गोरे या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात आणखी कडक शब्दांत सांगितलं की जामीन गुणवत्तेवर ठरवा.

सरकार आर्थिक गुन्ह्यांचा वर्ग वेगळा म्हणून 2013 चा जगनमोहन रेड्डी निकाल आणि अटकपूर्व जामिनासाठी 2019 चा चिदंबरम निकाल वाचणार. ते निकाल नाकारू नका. ते लाभार्थी म्हटल्या गेलेल्यांचे होते, एवढा फरक दाखवा. मंजूर झालेला अटकपूर्व जामीन सहसा खटला संपेपर्यंत टिकतो, हे 2020 च्या सुशीला अगरवाल घटनापीठानं ठरवलंय. नामंजूर झाला तर पुढचा अर्ज मुंबईला, उच्च न्यायालयात. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं असलं तरी पुणे जिल्हा त्यात नाही. आधीचे सगळे अर्ज आणि त्यांचे निकाल नव्या अर्जात लिहिणं बंधनकारक आहे; एक जरी राहिला तरी लपवल्याचा ठपका बसतो. आणि उच्च न्यायालयात जाण्याआधी नामंजुरीच्या दिवशीच त्याच सत्र न्यायालयाकडे काही दिवसांपुरतं संरक्षण वाढवून मागा. या मधल्या चार-पाच दिवसांतच अटका होतात.

अटक झालीच तर. अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी मिळायला हवीत. नोव्हेंबर 2025 च्या मिहीर शाह निकालानं हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. ती मिळाली नसतील तर पहिल्याच रिमांडला लेखी हरकत घ्या. नंतर आठवून उपयोग कमी. पोलीस कोठडीचे 15 दिवस आता एकदम घेतलेच पाहिजेत असं नाही; 90 दिवसांच्या प्रकरणात ते पहिल्या 60 दिवसांत तुकड्यांनी घेता येतात. 'अजून कोठडी शिल्लक आहे' एवढ्यावरून जामीन नाकारता येत नाही, असं सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्येच लिहिलंय.

न्यायालयीन कोठडी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नियमित जामिनाचा अर्ज टाकायची घाई घरचे करतात. ऑडिटरच्या बाबतीत ते बहुधा अंगाशी येतं. 'तपास प्राथमिक टप्प्यात' म्हणून अर्ज फेटाळला जातो आणि मग दोषारोपपत्र येईपर्यंत बदललेली परिस्थिती दाखवायला काही राहत नाही. तब्येतीचं गंभीर कारण नसेल तर दोषारोपपत्र येऊ द्यावं, त्यात ऑडिटरविरुद्ध नेमकं काय आहे ते वाचावं, मग अर्ज करावा.

दोषारोपपत्राच्या मुदतीवर मात्र डोळा ठेवा; त्यात ते आलं नाही तर जामीन हक्कानं मागता येतो. मुदत अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजतात आणि तो दिवस धरून, हे 2023 मध्ये कपिल वाधवान प्रकरणात ठरलं. रिमांड 1 जूनचा असेल तर 60 दिवस 30 जुलैला पुरे होतात, 90 दिवस 29 ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज हातात हवा. अर्ज आधी पडला आणि दोषारोपपत्र दुपारी आलं, तरी हक्क राहतो. दोषारोपपत्र आधी आलं तर गेला. 409 आणि 467 ऑडिटरला लागूच होत नाहीत म्हणून 61 व्या दिवशीही अर्ज करून बघावा. यश कमी वेळा येतं, पण वरच्या कोर्टात तो मुद्दा जिवंत राहतो.

ईडीचं वेगळं लक्षात ठेवा. 409 मनी लाँडरिंग कायद्याच्या परिशिष्टात नाही, पण 420, 467, 471 आणि 120-ब आहेत. पुणे पोलिसांच्या गुन्ह्यात जामीन मिळाला तरी ईडी स्वतंत्र अटक करू शकते, आणि तिथं कलम 45 च्या जोडअटी आड येतात. ईडीनं तपासात अटक केली नसेल आणि विशेष कोर्टाच्या समन्सवर दादा हजर झाले, तर त्या जोडअटी लागू होत नाहीत. मे 2024 चा तरसेम लाल निकाल. म्हणून ईडीचं समन्स आलं की टाळाटाळ नको.

जामीन मंजूर झाल्यावरही चार-सहा दिवस कागदांत जातात. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, पगारपत्रक आधीच गोळा करा. तहसीलचा ऐपत दाखला मागितला तर त्याला वेळ लागतो. म्हणून आदेशाच्या वेळीच जामीनदार देईपर्यंत तात्पुरत्या रोख जामिनावर सोडण्याची विनंती करा. आदेश येरवडा कारागृहाच्या जामीन पेटीत त्या दिवशीच्या वेळेत पडला नाही तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते.

अटी वाचल्याशिवाय कोर्टातून बाहेर पडू नका. 'पुणे जिल्हा सोडू नये' ही अट ऑडिटरचा व्यवसाय बंद पाडते, आणि 'बँकेशी संबंधित कोणाशी संपर्क करू नये' एवढी मोघम अट असली तर दुसऱ्या बँकेचं काम करतानाही कोणी तक्रार करू शकतं. त्याच दिवशी विनंती करून पहिली 'परवानगीशिवाय भारत सोडू नये' इतकी आणि दुसरी 'या गुन्ह्यातले साक्षीदार' इतकी मर्यादित करून घ्या. नंतर अटी शिथिल करायचा वेगळा अर्ज करावा लागतो, त्यावर पुन्हा 'से' मागवला जातो, आणि तोवर सप्टेंबरचा टॅक्स ऑडिटचा हंगाम निघून गेलेला असतो.